आम्ही मोटार घेतो

गेल्या विजयादशमीस, म्हणजे २ ऑक्टोबर २०२५ रोजी, आमच्या दारी एक पांढरी मोटार येऊन उभी राहिली. दारी असे म्हणण्याची पद्धत आहे म्हणून म्हटले. वस्तुतः ती दारापासून तीनशे पावलांवर उभी राहिली, कारण आमच्या गल्लीत मोटार शिरत नाही. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी आम्ही प्रथमच मोटारवाले झालो. यात वाचकांस कळवावे असे काही नाही, हे आम्ही जाणतो. हल्ली मोटार कोणाकडे नसते? परंतु ही वस्तू निवडताना जे वर्षभर मंथन झाले, त्यातून आमचा धंदा, आमचे घर आणि आमचा आळस या तिन्हींविषयी काही गोष्टी वर आल्या. त्या सांगाव्यात एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे बिऱ्हाड उज्जैनीस देवास गेटजवळ आहे. नाव ऐकून कोणास जुन्या वेशीची आठवण होईल. पण आजच्या उज्जैनकरास देवास गेट म्हटले की आठवते ते बसस्थानक. पलीकडे रेल्वेचे स्टेशन, अलीकडे धर्मशाळा आणि लॉज, मधल्या रस्त्यावर पोहे-जिलेबीच्या कढया, आणि चोवीस तास "इंदूर, इंदूर" असा पुकारा. यात्रेकरूंस गावातील देवळे दाखविणारी बसही येथूनच सुटते. महाकालाच्या दर्शनास आलेला मनुष्य बहुधा प्रथम या चौकाची धूळ मस्तकी घेतो आणि मग देवाचे भस्म.

या मासिकाच्या गोव्याकडील वाचकांस प्रश्न पडेल की आपली माणसे इतक्या लांब माळव्यात कशी जाऊन बसली? त्याचे उत्तर देवळातच आहे. महाकालेश्वराचे आजचे मंदिर इ.स. १७३४ च्या सुमारास ज्यांनी पुन्हा उभे केले, ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर हे शेणवी होते. शिंद्यांच्या दौलतीबरोबर अनेक मराठी घराणी या मातीत रुजली, त्यांतलेच आमचे एक. हरसिद्धीच्या प्रांगणात मराठ्यांच्या अमदानीतले दोन उंच दीपस्तंभ आहेत. ते सायंकाळी उजळले की आमच्या आईस माहेरच्या देवळातील दीपमाळ आठवते आणि ती आपोआप कोकणीत बोलू लागते. नाना, म्हणजे आमचे वडील, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही तेथे जाण्याचा नेम चुकवीत नाहीत.

आमची वकिली मात्र उज्जैनीत नाही, ती इंदुरात आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेश राज्य झाले तेव्हा उच्च न्यायालय जबलपुरास गेले आणि इंदूर व ग्वाल्हेर येथे खंडपीठे बसली. १९६८ मध्ये ती कायम झाली. उज्जैन जिल्ह्यातील अपिले इंदुरास चालतात. तेव्हा येथल्या वकिलास उच्च न्यायालयात काम करावयाचे तर दोनच मार्ग: इंदुरास राहावे, किंवा रोज पंचावन्न किलोमीटर जावे आणि पंचावन्न किलोमीटर यावे. गेली अठरा वर्षे आम्ही दुसरा मार्ग पत्करला आहे. या रस्त्यास इतिहास मोठा आहे. जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनीस शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटून त्याचे उट्टे काढले. दोन मराठी दौलतींनी एकमेकींचे नुकसान करण्यासाठी तुडविलेली ही वाट आम्ही हातात बस्ता घेऊन, पोट भरण्यासाठी, रोज तुडवितो.

आमचे आजोबा हीच वाट फतेहाबादवरून जाणाऱ्या मीटरगेजच्या गाडीने करीत. ती छोटी लाईन आता राहिली नाही, तिच्या जागी ब्रॉडगेज आली आहे. रेल्वे आजही आहे, परंतु तिची वेळ आणि न्यायालयाची वेळ यांचे गोत्र जुळत नाही. राहता राहिली बस. राज्याचे परिवहन निगम २००५ मध्ये गुंडाळण्याचा निर्णय झाल्यापासून या मार्गावर खाजगी बसगाड्यांचेच राज्य आहे. त्या गाड्यांची निंदा करण्याचा आमचा मानस नाही. अठरा वर्षांत आम्ही त्यांत बसून असंख्य संक्षेप लिहिले, दोन कायदे नव्याने पाठ केले आणि पुष्कळशी झोप पुरी करून घेतली. स्वतः मोटार हाकणाऱ्यास यांतले एकही सुख नाही.

मग मोटारीचा विचार आला कोठून? तो २०२४ च्या पावसाळ्यातील एका सकाळी आला.

त्या दिवशी आमचे एक दुसरे अपील बोर्डावर होते. पक्षकार तराण्यापलीकडच्या एका खेड्यातील वृद्ध विधवा. प्रश्न दीड बिघा जमिनीचा. ज्यांस दीडशे बिघे आहेत त्यांस दीड बिघ्याचे मोल कळणार नाही. आम्ही नेहमीची साडेआठची बस धरली. सांवेरच्या अलीकडे तिच्या इंजिनाने एक दीर्घ उसासा टाकला आणि ती रस्त्याच्या कडेस उभी राहिली ती राहिलीच. मागून आलेल्या दोन बसगाड्या टपापर्यंत भरलेल्या. एका सहकाऱ्यास दूरध्वनी केला; ते दुसऱ्या न्यायासनासमोर उभे होते. आम्ही धापा टाकीत पोहोचलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटे झाली होती. पुकारा दोनदा होऊन गेला होता आणि अपील वकिलाच्या गैरहजेरीस्तव खारीज झाले होते.

कायद्यास यावर उपाय आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ४१ व्या आदेशातील १९ व्या नियमाखाली अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रफीक विरुद्ध मुन्शीलाल या निवाड्यात सांगून ठेवले आहे की वकिलाच्या चुकीचे प्रायश्चित्त निर्दोष पक्षकारास देऊ नये. आम्ही अर्ज केला, काही आठवड्यांनी अपील पुन्हा दाखल झाले, खर्चाची रक्कम आम्ही आपल्या खिशातून भरली. कागदोपत्री प्रकरण मिटले.

मनात मिटले नाही. त्या दिवशी व्हरांड्यात ती बाई भिंतीस टेकून बसली होती. आम्ही बस बिघडल्याची सारी कहाणी तिला सांगितली. तिने ती शांतपणे ऐकली. मग आम्ही विचारले, "बाई, तुम्ही कशा आलात?" ती म्हणाली, आदल्या संध्याकाळीच गावाहून निघाले, देवास गेटला स्टँडवरच्या बाकावर रात्र काढली आणि पहाटेची पहिली बस धरली. आम्ही चकित होऊन म्हटले, आमचे घर तेथून तीनशे पावलांवर आहे, दार का ठोठावले नाही? त्यावर तिने दिलेले उत्तर अजून आमच्या कानांत आहे: "रात को वकीलसाब को क्या जगाना!"

त्या दिवशी परतताना आम्ही बसमध्ये झोपलो नाही.

घरी हा वृत्तांत सांगितला तेव्हा दोन मते पुढे आली. आमच्या सौभाग्यवतींचे मत असे की आता इंदुरास बिऱ्हाड करावे. मुलीच्या शिक्षणाच्या दृष्टीनेही ते सोयीचे. हे मत सर्वथा योग्य होते आणि म्हणूनच त्यास उत्तर देणे कठीण होते. नाना काहीच बोलले नाहीत. ते दुसऱ्या दिवशी हरसिद्धीस गेले आणि नेहमीपेक्षा तासभर उशिरा परतले. संध्याकाळी आईने आम्हांस बाजूला घेऊन कोकणीत एवढेच सांगितले, "पुता, गाडी घे; पूण घर सोडूं नाका."

तेव्हा प्रश्न मोटारीचा नव्हताच. रोजचे एकशे दहा किलोमीटर भरवशाने आणि आमच्या ऐपतीत कापता आले तर घर राहणार होते. न आले तर एक ना एक दिवस नानांस हरसिद्धीपासून उचलून इंदुरातील एखाद्या चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवावे लागणार होते. स्वस्त आणि भरवशाची मोटार म्हणजे काय, याचा अर्थ त्या दिवशी आम्हांस प्रथम कळला.

आता निवड. नाना म्हणाले, "आमच्या वेळी बरे होते. अँबॅसडर आणि फियाट ही दोनच नावे. निवडायचे काही नाही, फक्त थांबायचे." खरे आहे. मारुती ८०० ची पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी दिली गेली त्याआधीच्या काळात गाडी मिळणे हीच अडचण होती. आज गाडी निवडणे ही अडचण आहे. आमच्या फोंड्याच्या काकांनी दूरध्वनीवर सल्ला दिला की देवीस कौल लावावा आणि मग गाडी ठरवावी. हे ऐकून आई म्हणाली, "देवीन बुद्द दिल्या, ती वापर." आम्ही ती वापरण्याचे ठरविले.

वकिलाची बुद्धी पुराव्याकडे धावते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, पण त्यातले जुने तत्त्व तसेच आहे: ज्याने स्वतः पाहिले त्याने सांगावे, ऐकीव गोष्ट पुरावा नव्हे. जाहिराती, दुकानदाराचे बोल आणि मेव्हण्यांची मते हा सर्व ऐकीव पुरावा. प्रत्यक्ष साक्षीदार कोण? ते आमच्या घरासमोरच उभे होते! देवास गेटवरच्या भाड्याच्या मोटारी. ज्याचे पोट गाडीवर चालते तो शोभेसाठी गाडी घेत नाही. आम्ही आठ दिवस संध्याकाळी तेथे जाऊन चालकांच्या जबान्या घेतल्या: गाडी कोणती, किती किलोमीटर झाले, रस्त्यात किती वेळा उभी राहिली, काय बदलावे लागले. ज्या गाड्यांची दोन-अडीच लाख किलोमीटर धाव झाली होती, त्यांची नावे दोन-तीनच निघाली.

तेथील एका वयस्क मिस्त्रींनी तर आमचे सारे काम सोपे केले. ते म्हणाले, वकीलसाब, गाडी बिघडत नाही असे कोणी सांगितले तर तो खोटा. प्रश्न एवढाच की बिघडली तर तिचा पुर्जा सांवेरला मिळतो की दिल्लीहून मागवावा लागतो? भरवसा गाडीत अर्धा असतो आणि अर्धा वाटेवरच्या दुकानात. हे वाक्य आम्ही वहीत लिहून घेतले. त्यांनी आणखी एक सांगितले: तेल वेळेवर बदला, टायरातली हवा आठवड्याने पाहा, आणि इंजिनाचा आवाज ऐकावयास शिका. हवा कमी असली की गाडी इंधन अधिक पिते, हे शास्त्र त्यांस कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक होते.

मग इंधनाचा हिशेब मांडला. घर ते न्यायालय आणि इकडची तिकडची कामे धरून दिवसास ११५ किलोमीटर. वर्षाकाठी न्यायालयाचे २१० दिवस. म्हणजे २४,१५० किलोमीटर. इतक्या वापरास छोटी डिझेलची गाडी पूर्वी उत्तम समजली जाई. परंतु १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले आणि डिझेलच्या छोट्या मोटारी बाजारातून जवळजवळ नाहीशा झाल्या. विजेच्या मोटारीचा विचार मनापासून केला. रोज ठरावीक अंतर, रात्रभर गाडी उभी, हे तिच्यासाठी आदर्श स्थळ आहे आणि चालविण्याचा खर्च सर्वांत कमी. पण आमची गाडी उभी राहणार घरापासून तीनशे पावलांवर उघड्यावर. तेथवर तार नेणे म्हणजे शेजाऱ्यांशी नवे दावे ओढवून घेणे. ज्यांच्या अंगणात गाडी उभी राहते त्यांनी मात्र विजेच्या गाडीचा विचार आधी करावा.

उरली दोन, पेट्रोल आणि सीएनजी. कंपन्या सांगतात ते अंतर प्रयोगशाळेतले असते. आम्ही सरसकट त्याचा पाऊणपट धरला. ज्या गाडीचे पेट्रोलचे सांगितलेले अंतर लिटरला २४.७९ आणि सीएनजीचे किलोस ३३.७३ किलोमीटर, ती आमच्या हिशेबी १८.५ आणि २५ देईल असे मानले. पेट्रोल १०६ रुपये लिटर आणि सीएनजी ९० रुपये किलो धरून रोजचा खर्च पेट्रोलने ६५९ रुपये आणि सीएनजीने ४१४ रुपये आला. अंतर २४५ रुपयांचे. वर्षास ५१,४५० रुपये. सीएनजीची गाडी सुमारे ९०,००० रुपयांनी महाग. ती रक्कम पावणेदोन वर्षांत वसूल होते, पुढचा सारा लाभ. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉलच्या अंगी उष्णता पेट्रोलहून एकतृतीयांशाने कमी, म्हणून पेट्रोलचे अंतर आणखी थोडे घटते, हेही जमेस धरावे. जो मनुष्य दिवसास वीसच किलोमीटर जातो त्याने मात्र हा हिशेब आपल्यास लावू नये. त्याची रक्कम वसूल होण्यास दहा वर्षे लागतील आणि तोवर गाडीच म्हातारी होईल.

सीएनजीकडे आमचा ओढा असण्यास एक धंदेवाईक कारणही होते. हे इंधन आपल्या रस्त्यांवर आले ते बऱ्याच अंशी न्यायालयाच्या आज्ञेने. एम. सी. मेहतांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला. वकिलाच्या मोटारीत न्यायालयाच्या आदेशाने आलेले इंधन असावे, यात औचित्य आहे. आणि आमच्या गावी ते पुरविणाऱ्या कंपनीचे नाव अवंतिका! उज्जैनीचे पुराणातले नाव नळीतून मोटारीत भरले जाते, हे पाहून कालिदासाने काय म्हटले असते कोण जाणे.

दोषही सांगितले पाहिजेत. सीएनजीच्या पंपावर रांग असते; म्हणून सकाळी न भरता रात्री परतताना भरावा. टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते आणि तिचा दाखला जवळ ठेवावा लागतो. चढावर आणि गाडी भरलेली असता जोर थोडा कमी पडतो. आणि सर्वांत मोठा दोष, टाकी मागच्या डिकीची जागा खाते. आमच्यासारख्यास, ज्याच्याबरोबर दहा बस्ते आणि पंधरा ग्रंथ प्रवास करतात, हा दोष लहान नव्हे. टाटांनी २०२३ मध्ये एका मोठ्या टाकीऐवजी तळाशी दोन लहान टाक्या बसवून ही जागा वाचविली. अल्ट्रोझ आणि टियागो पाहून आम्ही फार प्रसन्न झालो. पण त्यांचे सांगितलेले अंतर किलोस सव्वीस किलोमीटरांच्या आसपास. बस्त्यांसाठी एवढे इंधन रोज जाळावे काय?

या टप्प्यावर सौभाग्यवतींनी हस्तक्षेप केला. तोवरच्या आमच्या सर्व कोष्टकांत एक रकाना नव्हता, तो त्यांनी लाल शाईने काढला: जीव. आम्ही सुरुवातीस वॅगन-आरवर मोहित झालो होतो. किलोस ३४ किलोमीटर, उंच बैठक, वाटेवर दर दुकानी पुर्जे. परंतु ग्लोबल एनकॅपच्या २०२३ च्या चाचणीत तिला प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाचांपैकी एकच तारा मिळाला होता. सौ. म्हणाल्या, "अहो, २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे गेली. तुम्ही वर्षाचे चोवीस हजार किलोमीटर जाणार आणि वाचविलेल्या पैशांचा हिशेब मला सांगणार?" प्रतिवाद शक्य नव्हता. शिवाय रस्त्याची स्थिती अशी की ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोकाचे लोकार्पण झाल्यापासून यात्रेकरूंची रीघ कित्येक पटींनी वाढली. २०२८ च्या सिंहस्थासाठी हा रस्ता सहापदरी करण्याच्या कामाचे भूमिपूजन राष्ट्रपतींच्या हस्ते सप्टेंबर २०२४ मध्ये झाले, आणि त्यानंतर वळणे, खोदकाम आणि धूळ यांची भर पडली.

तेव्हा भरवसा, इंधन आणि जीव या तीन कसोट्यांवर मिळून जी टिकली ती नवी डिझायर. ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आणि ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिने प्रौढांसाठी पाच तारे मिळविले. डिकी टाकीने व्यापलेली. बस्त्यांनी मागच्या आसनावर बसावे असे ठरले. ही गाडी मागून अशी आखूड का, असे मुलीने विचारले. आम्ही सांगितले की तिचा शिंपी कर खात्यातला आहे. २००६ पासून चार मीटरांच्या आतील छोट्या मोटारींस करात सवलत आहे, म्हणून डिकी कापून ती त्या मापात बसविली. तीच सवलत पुढे आमच्याही पथ्यावर पडली. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, नेमक्या घटस्थापनेस, छोट्या मोटारींवरचा वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. वर्षभर आम्ही तारखा वाढवून घेतल्या म्हणून घरी जी थट्टा चालली होती, ती त्या दिवशी बंद झाली.

दुकानात मात्र आम्ही वकिली दाखविलीच. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या १६ व्या कलमात मोठी मौज आहे. सर्वसाधारण नियम असा की पाहून घेण्याची जबाबदारी ग्राहकाची. परंतु ग्राहकाने आपला विशिष्ट हेतू विक्रेत्यास सांगितला आणि त्याच्या जाणतेपणावर विसंबून माल घेतला, तर तो माल त्या हेतूस योग्य असण्याची हमी कायदा मानतो. पुढे लगेच परंतुक आहे: ठरावीक वस्तू तिच्या व्यापारी नावाने मागितली तर ही हमी नाही. म्हणून आम्ही आत शिरताच गाडीचे नाव न घेता म्हणालो, "आम्हांस रोज ११५ किलोमीटर जावयाचे आहे, साडेदहाच्या आत पोहोचावयाचे आहे, वाटेत थांबावयाचे नाही, तुमच्या मते काय घ्यावे?" विक्रेता तरुण गोंधळून म्हणाला, "सर, रंग कोणता हवा?" कायदा आणि व्यवहार यांची भेट अशी क्वचितच होते. तथापि वाचकांस आमचा आग्रह आहे की आपला हेतू लेखी कळवावा, दुकानदाराने तोंडी दिलेली आश्वासने पावतीवर लिहून घ्यावीत आणि विम्याचा कागद सही करण्यापूर्वी वाचावा. आम्हीही तो पुरता वाचला नाही, हे येथे कबूल करतो.

दसऱ्यास गाडी चिंतामण गणेशास नेली. चाकांखाली लिंबे, पुढे हार, आईने स्वतः ओढलेले कुंकवाचे स्वस्तिक. नाना मागच्या आसनावर, जेथे पुढे बस्ते बसणार होते तेथे, मोठ्या ऐटीत बसले. परतताना ते म्हणाले, "हरसिद्धीवरून ने." आम्ही नेली. ते उतरले नाहीत; काचेतूनच त्यांनी हात जोडले. "म्हणजे आता इंदूर नाही?" एवढाच प्रश्न त्यांनी केला. वर्षभर ते गप्प का होते ते आम्हांस तेव्हा कळले.

त्यास आता तीन महिने होऊन गेले. आम्ही रोजची नोंद ठेवतो. किलोस २६ ते २७ किलोमीटर पडतात, म्हणजे आमच्या पाऊणपटीच्या नियमाहून किंचित अधिक. विमा, कर्जाचा हप्ता आणि गाडीची झीज धरली तर बस केव्हाही स्वस्त, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मोटार घेऊन पैसे वाचतात असे जो म्हणतो त्याने हिशेब अर्धाच केलेला असतो. मोटार घेऊन पैसे किती कमी जातील एवढेच ठरविता येते.

पण खरा हिशेब निराळाच आहे. ती बाई आमच्याहून दूर राहत होती, तिच्याजवळ मोटार नव्हती, तिला दोन बसगाड्या बदलावयाच्या होत्या, आणि ती वेळेवर पोहोचली होती. आम्ही घरातून तीनशे पावलांवरची साडेआठची बस धरली, कारण सातची धरली असती तर झोप मोडली असती. बस बिघडली हे खरे; परंतु बस बिघडेल हे अठरा वर्षांत आम्हांस ठाऊक नव्हते, असे शपथेवर सांगता येईल काय? मोटार घेतल्यावर प्रथम जो मोह झाला तो पावणेनऊस निघण्याचा. आम्ही किल्ली काढली आणि ठेवून दिली. भरवशाचे वाहन मिळाले म्हणून माणूस भरवशाचा होत नाही. उलट त्याचा आळस अधिक सुखावतो. आता आम्ही साडेसातला निघतो. साडेनवाला ग्रंथालयात असतो. कधी काळी ही गाडीही सांवेरला उभी राहील, तेव्हा मागून येणारी बस पकडण्यास हाताशी एक तास असेल.

आणखी एक बदल झाला. उज्जैन जिल्ह्यातील आमच्या पक्षकारांस मुनशीजींनी कळविले आहे की तारखेच्या आदल्या रात्री कोणी देवास गेटच्या बाकावर झोपू नये. घर तीनशे पावलांवर आहे आणि दार ठोठावले तर वकीलसाहेब जागे होतात. डिसेंबरात त्या बाईच्या अपिलाची सुनावणी झाली. ती आदल्या संध्याकाळी आली, आईने तिला खिचडी वाढली, दोघी एकमेकींची भाषा न समजता बराच वेळ बोलत बसल्या. सकाळी बस्ते डोक्यापर्यंत रचून ती मागे बसली. वाटेत सांवेर आले तेव्हा आम्ही आरशातून पाहिले. ती झोपली होती. पूर्वी त्या वाटेवर आम्ही झोपत असू, ती बाकावर जागी असे.

निकाल राखून ठेवला आहे. काय लागेल ते सांगणे वकिलाचे काम नव्हे. आम्ही वेळेवर हजर होतो, एवढे मात्र रोजनाम्यात लिहिले गेले आहे. असो.